डे ला सोलचा पहिला अल्बम: उसन्या सुरांची स्वतंत्र रचना

३ मार्च १९८९ रोजी न्यूयॉर्कच्या टॉमी बॉय रेकॉर्ड्स या कंपनीने ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ नावाचा अल्बम बाजारात आणला. गाणारे तिघे जण विशीच्या उंबरठ्यावर होते. समूहाचं नाव डे ला सोल. मुखपृष्ठ भडक पिवळं, त्यावर रंगीबेरंगी फुलं आणि फुलांमध्ये तिघांचे चेहरे. हिपहॉपच्या तबकड्यांवर तोवर सोन्याच्या साखळ्या, कातडी जॅकेटं आणि रोखून पाहणाऱ्या नजरा असत. आतलं संगीत मुखपृष्ठापेक्षाही वेगळं होतं. वर्ष संपताना ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाने अमेरिकेतल्या समीक्षकांची मतं मागवली, तेव्हा हाच अल्बम पहिला आला. ब्रिटनच्या ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकानेही त्यालाच वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं.

आणि तरीही, जगातली बहुतेक गाणी मोबाइलवर एका स्पर्शात ऐकू येऊ लागली त्या काळात हा अल्बम तिथे नव्हता. स्पॉटिफाय आणि ॲपल म्युझिकवर तो यायला २०२३ साल उजाडलं. त्याला थोर बनवणारी आणि त्याला इतकी वर्षं अडवून धरणारी गोष्ट एकच होती: जुन्या ध्वनिमुद्रिकांमधून उचललेले तुकडे. ते तुकडे कसे जोडले गेले, लोकांना ते का भावले आणि कायद्याने त्यांच्याकडे कसं पाहिलं, हे समजलं की हिपहॉप या कलेचाच बराच उलगडा होतो.

तुकड्यांतून संगीत

हिपहॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीतल्या पार्टीत झाला असं मानतात. तिथे डीजे कूल हर्क तबकड्या वाजवत होता. नाचणारे सर्वांत जास्त रंगतात ते गाण्यात गायक थांबून नुसता ड्रम उरतो त्या काही सेकंदांत, हे त्याच्या लक्षात आलं होतं. या जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून त्याने तो ब्रेक लांबवत नेला. पुढे त्या तालावर शब्द बोलणारे आले आणि रॅप आकाराला आलं. म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा घेऊन नवं काही उभं करणं हे हिपहॉपने मागाहून उचललेलं तंत्र नाही. ही कला तिथूनच सुरू झाली.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर सॅम्पलर नावाचं यंत्र सामान्य संगीतकारांच्या आवाक्यात आलं. हे यंत्र कोणताही आवाज आकड्यांच्या रूपात साठवतं आणि बटण दाबलं की पुन्हा वाजवतं. तबकडीवरून घेतलेला तुकडा म्हणजे ‘सॅम्पल’. त्या काळच्या यंत्रांची स्मृती फार तोकडी होती. १९८७ मध्ये आलेल्या आणि हिपहॉपमध्ये गाजलेल्या ‘एसपी-१२००’ या यंत्रात सगळे मिळून जेमतेम १० सेकंदांचे आवाज मावत. दुसरी अडचण सुरांची. तुकडा सावकाश वाजवला की त्याची पट्टी उतरते, जलद वाजवला की चढते. दोन वेगळ्या गाण्यांमधले तुकडे एकत्र आणायचे तर लय आणि पट्टी दोन्ही जुळायला हवी. म्हणजे शेकडो तबकड्या कानात साठवलेल्या असाव्यात आणि त्यांतले कोणते दोन तुकडे एकमेकांशी बोलतील हे ओळखणारा कानही असावा. सॅम्पल घेऊन रचना करणाऱ्याचं कसब ते हेच.

आपल्याकडचा कीर्तनकार निरूपणात ज्ञानोबांची ओवी घेतो, तुकोबांचा अभंग घेतो, मध्येच एखाद्या लोकगीताची ओळ घेतो. श्रोत्यांना त्या ओळखीच्या असतात, म्हणूनच त्या नव्या जागी ऐकताना अर्थ उजळतो. ओळी संतांच्या असल्या तरी निरूपण कीर्तनकाराचंच असतं. डे ला सोलच्या रचनेकडे पाहण्याची हीच दृष्टी मला सर्वांत योग्य वाटते.

ॲमिटीव्हिलचे तिघे आणि एक गुरू

केल्विन मर्सर, डेव्हिड जोलिकूर आणि व्हिन्सेंट मेसन हे तिघं लाँग आयलंडवरच्या ॲमिटीव्हिल गावातले, एकाच शाळेतले. लाँग आयलंड हा न्यूयॉर्क शहराला लागून असलेला उपनगरी पट्टा. शहरातली गर्दी आणि गुन्हेगारी मागे टाकून अनेक कृष्णवर्णीय कुटुंबं तिथे स्थायिक झाली होती. घरासमोर हिरवळ होती आणि घरात आईवडिलांच्या तबकड्यांचा साठा होता. पब्लिक एनिमी, इपीएमडी आणि रॅकिम हे गाजलेले हिपहॉप कलाकारही याच पट्ट्यातले. ब्राँक्स आणि ब्रुकलिनच्या रस्त्यांपासून थोडं अंतर असल्यामुळे इथल्या पोरांनी हिपहॉप स्वतःच्या पद्धतीने घडवलं.

तिघांनी टोपणनावं घेतली: मर्सर झाला पॉसडनूस, जोलिकूर झाला ट्रुगॉय आणि मेसन झाला मेसिओ. पहिले दोघे शब्दांचे, तिसरा डीजे. त्यांनी ‘प्लग ट्यूनिन’ नावाच्या गाण्याचा घरगुती नमुना तयार केला आणि तो ऐकवला त्याच गावातल्या पॉल हस्टन, म्हणजे प्रिन्स पॉल याला. वयाने तो थोडाच मोठा होता, पण स्टेटसासॉनिक या गाजलेल्या समूहाचा डीजे म्हणून त्याचं नाव झालेलं होतं. त्या समूहात आपल्या कल्पनांना पुरेसा वाव मिळत नाही अशी त्याची खंत होती. इथे त्याला तीन मोकळी डोकी सापडली. ‘प्लग ट्यूनिन’ची चाल संथ, शब्द गूढ आणि बोलणं हलक्या आवाजातलं होतं. रॅप म्हणजे छाती पुढे काढून गर्जना करायची, असं तेव्हा समजलं जाई. पॉलने ते संथपण जपलं. टॉम सिल्व्हरमन यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या टॉमी बॉय कंपनीने समूहाला करारबद्ध केलं आणि १९८८ मध्ये हे गाणं बाहेर आलं. पाठोपाठ पूर्ण अल्बमचं काम सुरू झालं.

कॅलिओपी स्टुडिओतले दिवस

ध्वनिमुद्रण मॅनहॅटनमधल्या कॅलिओपी स्टुडिओत झालं. तिघे आणि प्रिन्स पॉल घरून तबकड्या घेऊन येत. हिपहॉपमध्ये तोवर जेम्स ब्राऊनच्या फंक संगीतातले ड्रम पुन्हा पुन्हा वापरले जात होते. या चौघांनी शोधाचं क्षेत्रच बदललं. ‘द मॅजिक नंबर’ या गाण्याचा पाया १९७३ मध्ये मुलांना टीव्हीवर पाढे शिकवण्यासाठी बॉब डरो यांनी रचलेल्या गाण्यात आहे. अल्बमचं नाव आलं जॉनी कॅश या कंट्री गायकाच्या ‘फाइव्ह फीट हाय अँड रायझिंग’ या १९५९ च्या गाण्यावरून. लहानपणी आर्कन्सामध्ये अनुभवलेल्या पुरावरचं ते गाणं आहे, पाणी एकेक फूट कसं चढत गेलं हे सांगणारं. पुराच्या पाण्याची उंची मोजणारा कॅशचा आवाज डे ला सोलच्या हाती आला आणि चढत्या उत्साहाची घोषणा होऊन बसला.

‘आय नो’ हे प्रेमगीत या कसबाचा सर्वांत सुंदर नमुना आहे. त्यात स्टीली डॅन या गुळगुळीत, कारागिरीने घडवलेल्या जॅझ-रॉक समूहाच्या ‘पेग’ गाण्याचे तुकडे आहेत आणि गायक ओटिस रेडिंगच्या ‘डॉक ऑफ द बे’मधली शीळ आहे. रेडिंगने ते गाणं १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि काही दिवसांतच विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला. त्यामुळे ती शीळ ऐकताना अमेरिकेतल्या श्रोत्यांच्या मनात एक हुरहूर असतेच. इथे ती दोन तरुणांच्या लाजऱ्या प्रेमकबुलीमागे वाजते आणि तिचा भाव उमलतो. दोन वेगळ्या काळांतले, वेगळ्या वर्णांचे, वेगळ्या शहरांतले संगीतकार एकाच गाण्यात भेटतात आणि मुळापासून सोबत वाजवत असल्यासारखे वाटतात.

‘से नो गो’मध्ये हॉल अँड ओट्स यांचं लोकप्रिय पॉप गाणं आहे, पण विषय आहे क्रॅक कोकेनचा. १९८० च्या दशकात या नशेने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांची वाताहत केली होती. ‘घेटो थँग’ गरिबीबद्दल बोलतं. मुखपृष्ठावरची फुलं पाहून ज्यांनी हा अल्बम नुसता गमतीचा समजला, त्यांनी ही दोन गाणी नीट ऐकली नव्हती.

‘पॉटहोल्स इन माय लॉन’ तर या सगळ्या चर्चेच्या केंद्रालाच हात घालतं. आपले शब्द दुसरे रॅपर पळवतात, ही तक्रार त्यात घरासमोरच्या हिरवळीत पडलेल्या खड्ड्यांच्या रूपात मांडली आहे आणि सोबत पार्लमेंट या फंक समूहाच्या १९७० च्या गाण्यातलं योडलिंग वाजतं. यात विसंगती आहे असं कुणाला वाटेल. मला इथे या कलाकारांची नीती दिसते. दुसऱ्याची शैली आणि शब्द जसेच्या तसे स्वतःचे म्हणून मिरवणं हे हिपहॉपमध्ये पाप मानतात. जुना आवाज घेऊन त्याला नवं स्थान देणं ही मात्र कारागिरी.

गाण्यांच्या मधल्या जागांमध्ये प्रिन्स पॉलने एक टीव्ही प्रश्नमंजूषा पेरली. निवेदक निरर्थक प्रश्न विचारतो आणि स्पर्धकांना एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. अशा छोट्या नाट्यप्रवेशांना ‘स्किट’ म्हणतात. पुढे स्किट असणं ही हिपहॉप अल्बमची रूढीच झाली आणि तिचं श्रेय बहुतेक इतिहासकार या अल्बमला देतात. ‘बडी’ या गाण्यात जंगल ब्रदर्स आणि क्यू-टिप ही मित्रमंडळी सामील झाली. एकमेकांच्या गाण्यांत वावरणाऱ्या या मंडळाला नेटिव्ह टंग्ज म्हणत. त्यात क्वीन लतीफा आणि मोनी लव्ह याही होत्या. क्यू-टिपच्या ए ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या समूहाने पुढे १९९० च्या दशकातल्या जॅझमिश्रित हिपहॉपचा पाया घातला.

कौतुक आणि त्याचा काच

अल्बमची घडण जवळपास झाली असताना रेडिओवर चालेल असं एक गाणं कंपनीला हवं होतं. त्यातून ‘मी मायसेल्फ अँड आय’ जन्मलं. फंकाडेलिक या फंक समूहाच्या ‘नी डीप’ या गाण्यावर ते उभं आहे. त्याच्या चित्रफितीत एक वर्ग दिसतो, जिथे रॅपरनी कसं दिसावं याचे धडे दिले जातात आणि साखळ्या न घालणाऱ्या या तिघांना त्रास दिला जातो. हे गाणं ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिलं आलं, सर्वसाधारण यादीत ३४ व्या स्थानी पोहोचलं. अल्बम बिलबोर्डच्या यादीत २४ व्या स्थानापर्यंत गेला आणि पुढे अमेरिकेत त्याच्या दहा लाख प्रतींच्या विक्रीवर शिक्कामोर्तब झालं.

या स्वागताचं कारण त्या वर्षाच्या हवेत आहे. पब्लिक एनिमीचा राजकीय संताप आणि एनडब्ल्यूए या समूहाचं पोलिसी अत्याचारांवरचं आक्रमक रॅप तेव्हा ताजं होतं. दोन्ही गरजेची होती. पण कृष्णवर्णीय तरुण म्हटला की तो संतापलेलाच असणार, असा साचाही त्यातून घट्ट होत होता. डे ला सोलने दाखवलं की तो विनोदी असू शकतो, विक्षिप्त असू शकतो, कंट्री संगीत ऐकत वाढलेला असू शकतो. हे सांगणं त्या काळी धाडसाचं होतं.

पण कौतुकानेही एक साचा आणला. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘हिपहॉपमधले हिप्पी’ ठरवलं. प्रत्यक्षात फुलांचं चित्रण लंडनच्या ग्रे ऑर्गनायझेशन या चित्रकार मंडळाचं होतं आणि समूहाच्या मनातला ‘डेझी’ हा शब्द मुळात आतला आवाज सुचवणाऱ्या शब्दांची आद्याक्षरं होता. फुलांवरून त्यांना कोमल समजून कार्यक्रमांच्या जागी डिवचणारेही भेटू लागले. १९९१ च्या दुसऱ्या अल्बमला त्यांनी ‘डे ला सोल इज डेड’ असं नाव दिलं आणि मुखपृष्ठावर डेझीच्या फुलांची फुटलेली कुंडी छापली. कुणाच्याही चौकटीत बसायचं नाही ही पहिल्या अल्बमची भूमिका त्यांनी त्याच अल्बमच्या यशाविरुद्धही टिकवली.

एका मिनिटाच्या तुकड्याचा खटला

अल्बममध्ये ‘ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स’ नावाचा मिनिटभराचा एक तुकडा आहे. त्यात फ्रेंच शिकवणाऱ्या तबकडीवरचा आवाज आहे आणि मागे द टर्टल्स या समूहाच्या १९६० च्या दशकातल्या ‘यू शोड मी’ गाण्याचा मंदावलेला भाग. याची परवानगी घेतलेली नव्हती. वापरलेल्या तुकड्यांची यादी आपण कंपनीला दिली होती, पण कंपनीने मोठी गाणी तेवढी सोडवून घेतली, असं समूहाचं म्हणणं. टर्टल्सच्या माजी सदस्यांनी दावा लावला, भरपाईची मोठी मागणी गाजली आणि प्रकरण न्यायालयाबाहेर मिटलं.

संपूर्ण संगीतव्यवसायाने यातून धडा घेतला. मग १७ डिसेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयात बिझ मार्की या रॅपरच्या विरोधात निकाल लागला. त्याने गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा भाग विनापरवाना वापरला होता. न्यायाधीश केव्हिन डफी यांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या चोरीविरोधी आज्ञेने केली. यापुढे प्रत्येक तुकड्यासाठी दोन परवानग्या लागणार हे पक्कं झालं: एक गीत-संगीताच्या रचनेची, दुसरी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाची. दोन्हींचे मालक बहुधा वेगळे असतात आणि किंमत ते म्हणतील ती. २००५ मध्ये एका अपील न्यायालयाने दोन-तीन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्यालाही परवाना लागेल असं ठरवलं. २०१६ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने मॅडोनाच्या गाण्यातल्या पाव सेकंदाच्या तुकड्याबाबत उलट मत दिलं. आज अमेरिकेतच या प्रश्नावर न्यायालयांचं एकमत नाही. एका अल्बममध्ये डझनावारी तुकडे वापरण्याची पद्धत मात्र केव्हाच मोडली होती, कारण ती परवडेनाशी झाली.

मूळ संगीतकारांचा हक्क खरा आहे, यात मला शंका नाही. जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’मधला ताल क्लाइड स्टबलफील्डने वाजवला. तो हिपहॉपमध्ये असंख्य गाण्यांत वापरला गेला, पण गीतकार म्हणून नाव नसल्यामुळे त्याला मानधनाचा वाटा मिळाला नाही. फंकाडेलिकचा जॉर्ज क्लिंटन स्वतःच्याच गाण्यांच्या हक्कांसाठी एका प्रकाशन कंपनीशी वर्षानुवर्षं भांडला, आणि २००५ चा तो खटला लढणारी कंपनी तीच होती. म्हणजे कडक कायद्याचा पैसा वादकापर्यंत पोहोचेलच असं नाही. बहुतेक वेळा तो कागदोपत्री मालकाकडे जातो.

हरवलेली वर्षं

डे ला सोलला खटल्याहून मोठा फटका करारांच्या भाषेने दिला. ज्या तुकड्यांना १९८९ मध्ये परवानगी मिळाली होती, ती तबकडी आणि कॅसेट यांच्यापुरती होती. भविष्यात गाणी संगणकावरून विकली जातील हे तेव्हा लिहून ठेवणार कोण? डिजिटल विक्री सुरू झाली तेव्हा प्रत्येक मालकाशी नव्याने बोलणी करणं भाग होतं. मधल्या काळात जुन्या अल्बमांचे हक्क टॉमी बॉयकडून वॉर्नर या कंपनीकडे गेले आणि काम रखडलं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहाच्या २०१० च्या यादीत या अल्बमचा समावेश केला. देशाने वारसा म्हणून जपलेली ही कलाकृती नव्या पिढीला कायदेशीररीत्या डाउनलोड करता येत नव्हती.

१४ फेब्रुवारी २०१४ रोजी समूहाने आपली जुनी गाणी इंटरनेटवर २५ तास फुकट खुली केली. पुढच्या वर्षी नव्या अल्बमसाठी चाहत्यांकडून सहा लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमली. त्या अल्बमसाठी त्यांनी वादकांना तासन्‌तास वाजवायला लावलं आणि त्या ध्वनिमुद्रणातूनच तुकडे काढले, म्हणजे कुणाची परवानगी मागायला नको.

जुने हक्क टॉमी बॉयकडे परतल्यावर २०१९ मध्ये स्ट्रीमिंगची घोषणा झाली. मिळकतीतला आपला वाटा फारच तुटपुंजा असल्याचं समूहाने जाहीरपणे सांगितलं, जे-झी आणि नॅस यांच्यासारख्या रॅपरनी पाठिंबा दिला आणि बेत थांबला. २०२१ मध्ये रिझर्व्हॉयर या कंपनीने सुमारे १० कोटी डॉलरना टॉमी बॉय विकत घेतली, समूहाशी समझोता केला आणि तुकड्यांच्या परवानग्या मार्गी लावल्या. त्याच वर्षाअखेरीस ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’च्या शेवटी ‘द मॅजिक नंबर’ वाजलं. ३ मार्च २०२३ रोजी, पहिल्या प्रकाशनाला बरोबर ३४ वर्षं होताना, अल्बम स्ट्रीमिंगवर आला. त्याआधी १२ फेब्रुवारीला डेव्हिड जोलिकूर वयाच्या ५४ व्या वर्षी गेला. हा दिवस पाहण्यासाठी त्याने अर्धं आयुष्य वाट पाहिली होती.

काय करता येईल

दुसऱ्याचं पूर्ण गाणं नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित करायचं असेल तर अमेरिकेत १९०९ पासून कायद्याने ठरवलेला दर भरला की पुरतं, मालक अडवू शकत नाही. भारतातही २०१२ च्या दुरुस्तीनंतर मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झाली की अटी पाळून आणि मोबदला देऊन असं करता येतं. मग पूर्ण गाण्याला जी वाट आहे, ती दोन सेकंदांच्या तुकड्याला का नसावी? ठरलेला, तुकड्याच्या लांबीनुसार बदलणारा दर आणि त्यातला वाटा गीतकाराबरोबर वादकालाही, अशी व्यवस्था झाली तर जुन्या संगीतकारांना न्याय मिळेल आणि नव्यांचे हातही मोकळे होतील. असा कायदा नसल्यामुळे झालेलं नुकसान मोजता येत नाही, कारण जे अल्बम घडलेच नाहीत त्यांची यादी कुठेच नसते.

हा अल्बम आता सहज ऐकता येतो. चोवीस ट्रॅकची ही रचना सुटी सुटी ऐकू नका, पहिल्यापासून क्रमाने ऐका. त्यानंतर ओटिस रेडिंग, स्टीली डॅन, जॉनी कॅश आणि फंकाडेलिक यांची मूळ गाणी शोधा, आणि मग अल्बम पुन्हा लावा. उसनं काय होतं आणि या चौघांनी स्वतःचं काय घातलं, हे तेव्हा तुमचं तुम्हालाच ऐकू येईल.